शिट्टी ऐकू येते का, हे आधी विचारा

कॅन्सरमधून बरी झालेली मुलं डोंगरात न्यायची म्हटलं की आपल्याकडे दोन सूर लागतात. एक घरातला: "एवढ्या दुखण्यातून उठलाय, आता उन्हातान्हात कशाला?" दुसरा कौतुकाचा: "मरणाला परतवून आलेली पोर, तिला गड काय अवघड!" पहिल्या सुरात मूल घरी बसतं. दुसऱ्यात त्याला फलक धरून शिखरावर उभं करतात आणि फोटो निघतो. इथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर अशा मुलांसोबत जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामाची पद्धत कळली, की हे दोन्ही सूर एकाच माळेचे वाटू लागतात. मुलाला नेमकं काय झालं होतं आणि आता काय उरलंय, हे दोन्हीकडे कोणी विचारलेलंच नसतं.

एलेन मॅकार्थर या दर्यावर्दी बाईंनी २००३ मध्ये इथे एक ट्रस्ट सुरू केला. त्याआधी २००० साली फ्रान्समधल्या अशाच एका संस्थेच्या मुलांबरोबर त्या शिडाच्या बोटीवर गेल्या होत्या, कल्पना तिथून आली. आयल ऑफ वाइटवरचं काउझ आणि स्कॉटलंडमधलं लार्ग्ज ही ट्रस्टची दोन ठिकाणं. ८ ते २४ वर्षांची मुलं काही दिवस बोटीवर राहतात, दोर ओढतात, सुकाणू धरतात, रांधतात. आजाराबद्दल बोलायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शाळेत एकट्याच्याच डोक्यावर केस नसतात. इथे तसे तिघं-चौघं असतात, त्यामुळे विग पहिल्याच वाऱ्यात बॅगेत जातो आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

स्वयंसेवकाचं खरं काम मात्र निघण्याच्या कितीतरी आधी, फॉर्मपाशी सुरू होतं. "तब्येत ठीक आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी, कारण आईबाप "हो" म्हणतात आणि ते खरंही असतं. केमोथेरपीत दिलेल्या औषधांची नावं विचारावी लागतात. व्हिन्क्रिस्टिनने हातापायांच्या नसा दुखावतात, पायाचा पंजा पुरता वर उचलला जात नाही. सपाटीवर ते लक्षात येत नाही, उतारावर बुटाचं टोक दगडाला अडतं. तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर फोड येऊन फुटला तरी मूल बोलत नाही. दुखतच नाही तर सांगणार काय? म्हणून दुपारच्या जेवणाला थांबलं की मोजे काढून तळवे बघायचे. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो आणि ते दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. गुडघा चोळत बसण्यापेक्षा खुब्याचा एमआरआय झालाय का, ते विचारावं. डॉक्सोरुबिसिनचा परिणाम हृदयावर, तोही कधीकधी कितीतरी वर्षांनी. अशा मुलाचा अलीकडचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहिल्याशिवाय बेत ठरवायचा नाही. चालणं सहसा झेपतं; श्वास रोखून जड दोर ओढणं किंवा भरलेली सॅक उचलणं टाळायचं.

सगळ्यात सहज निसटतं ते ऐकू येणं. सिस्प्लाटिनने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. घरात गप्पा व्यवस्थित चालतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. नुकसान वाढलं की शिट्टीची पट्टीही जाते, आणि वाऱ्यात तर शब्दांतली व्यंजनं उडून जातात. मागून मारलेल्या हाकेला मूल ओ देत नाही आणि लीडर म्हणतो, "ऐकत नाही हा." बोटीवर म्हणूनच हाताच्या खुणा निघण्याआधी ठरतात आणि सगळ्यांकडून एकदा घोकून घेतल्या जातात.

लाइफजॅकेटचंच बघा. मोठ्यांच्या १५० न्यूटनच्या फुगणाऱ्या जॅकेटात बहुधा ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असतं. वापरात ते हळूहळू सैल होतं, म्हणून रोज सकाळी हाताने आवळायचं. अधूनमधून काढून टोकाला भोक पडलेलं नाही ना ते पाहायचं, आणि वर कोरलेलं एकूण वजन काट्यावर पडताळायचं. मांड्यांमधला पट्टा लावला नाही तर पाण्यात जॅकेट डोक्याकडे सरकतं आणि तोंड पाण्यात जातं. छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असलेल्या मुलाला पट्टा कधी नेमका पोर्टवर काचतो. मूल कळवळतं, कोणीतरी मायेपोटी पट्टा सैल करतं, आणि तीच घोडचूक. पट्टा घट्टच ठेवून पोर्टच्या बाजूने मऊ घडी घालायची. छातीतून नळी बाहेर आलेली असेल तर पाण्यात उतरणं नाहीच.

सोबतच्या एखाद्या मुलाचे उपचार अजून चालू असतील, तर त्याचा ताप ३८ अंशांवर गेला की वाट पाहायची नसते. आधी पॅरासिटामॉल दिलं तर ताप झाकला जातो आणि पुढचे तास फुकट जातात. वॉर्डला फोन करायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं. पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. रोजची मजल या हिशोबाने आखतात: संध्याकाळी बंदरात, आणि रुग्णालयाचा रस्ता माहीत असलेला.

आता नियमांचा वाद. महाराष्ट्र राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आणि नोंदणीचा भार छोट्या ट्रेक मंडळांना पेलणार नाही ही तक्रार अजून ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. पण "कागदांनी जीव वाचत नाहीत" हे त्याला जोडून येणारं वाक्य पटत नाही. १९९३ मध्ये इथे लाइम बे परिसरात कयाकवर नेलेली चार शाळकरी मुलं बुडाली. तिथल्या आधीच्या प्रशिक्षकांनी धोक्याचं पत्र लिहून ठेवलं होतं, ते कोणी मनावर घेतलं नाही. त्यातून मुलांच्या साहसी केंद्रांना परवाना घ्यायला लावणारा १९९५ चा कायदा आला. परवाना भिंतीवर टांगून काही होत नाही हे खरंच, पण ते पत्रही कागदच होतं.

आणि इथलं सगळंच उचलायची गरज नाही. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्यांचाच गट आहे. सह्याद्रीची नस न् नस जाणणारे लीडर गावोगाव आहेत. डॉक्टर, 'उगम'सारखे गट आणि लीडर यांनी एका टेबलाशी बसून दोन पानी फॉर्म केला, तर सुरुवातीला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लोणावळ्याजवळचा कोरीगड उत्तम. पेठ शहापूरहून चढ थोडका, बराचसा पायऱ्यांचा, वर सपाटी, आणि गाडीरस्ता पायथ्याशी. चढायला पाऊण तास धरला तर उतरायला त्याहून जास्त धरावा, अडतं ते उतरताना. पाणी घरून. गडावरचं ताक, बर्फ घातलेलं सरबत, उघडी चटणी उपचार चालू असलेल्यांना नाही; हे त्या एकट्याला सांगण्यापेक्षा सगळ्यांनीच डबे आणावेत. कोणत्याही मोठ्याने मुलासोबत एकटं राहायचं नाही, दोन मोठे कायम. फोटो मुलाने आणि घरच्यांनी लेखी हो म्हटल्यावरच.

सहल संपली तरी फोनची यादी फाडायची नाही. परतल्यावर दोन दिवसांत कोणाच्या अंगावर कांजिण्यांचे फोड उठले, तर सोबतची सगळी मुलं संसर्गात आलेली धरायची आणि त्याच संध्याकाळी घरोघरी फोन करायचा, कारण प्रतिबंधक उपचाराचे दिवस मोजके असतात. बाकीच्यांवर नजर २१ दिवस.