तीन कॉर्डांचा पंच

लातुरात उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे गच्चीवर जातात ती वाऱ्यासाठी. मी मात्र गेल्या चैत्रापासून तेथे न्यायनिवाड्यासाठी जातो. महाविद्यालयात असताना मी एक जुनी गिटार घेतली आणि तिच्यावर तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे तीन स्वरसमूह, शिकून ती विकून टाकली, एवढ्याच भांडवलावर भाच्याने आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींनी मला ‘रॉक आणि ब्लूजमधला सर्वांत थोर गिटारवादक कोण’ या खटल्यात पंच नेमले. ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेल्या त्या गायकीची, असंख्य गाणी तीनच कॉर्डांवर उभी आहेत, तेव्हा माझी पात्रता अगदीच तोकडी होती असे कोणी म्हणू नये.

भाचा डावखुरा असल्यामुळे त्याचे मत जिमी हेंड्रिक्सला जन्मतःच मिळालेले होते. उजव्या हाताच्या वादकासाठी घडवलेली गिटार उलटी धरून, तारा आपल्या सोयीने पुन्हा चढवून वाजवणारा हा माणूस १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीतमहोत्सवात अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवतो आणि त्यातून बाँब कोसळल्याचे आवाज काढतो, यापुढे बोलण्यासारखे काही उरतच नाही, असे तो म्हणे आणि मग पाऊण तास बोले.

गुरुजींचा कौल जुन्या काळातला ब्लूज गायक-वादक रॉबर्ट जॉन्सन याला. १९३६ आणि १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्याची अवघी २९ गाणी हेच या सगळ्या झाडाचे मूळ, असे ते खडू हातात असल्यासारखे सांगत. दोघेही वादक सत्ताविसाव्या वर्षीच गेले, हे मी तडजोडीच्या आशेने सुचवले, तर दोन्ही पक्ष माझ्यावरच घसरले. जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा देऊन कला मिळवली, ही दंतकथा गुरुजी रंगात येऊन सांगत असताना माळ ओढत बसलेल्या आईने “अमावस्या होती का रे त्या दिशी?” एवढेच विचारले. साऱ्या हंगामातला मुद्देसूद प्रश्न तेवढा एकच. लंडनच्या भिंतीवर कोणीतरी इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टनविषयी ‘क्लॅप्टन देव आहे’ असे लिहिले होते, हा मुद्दा वरच्या मजल्यावरच्या तरुणाने मांडला, “आपल्याकडं भिंतीवर काय काय लिहितेत, ते समदं खरं धरायलाव का?” असे विचारून गुरुजींनी तो तेथेच निकालात काढला.

माझे स्वतःचे मत बी. बी. किंगकडे झुकते, आणि ते सांगण्याचा मोह मला भोवला. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात तो एका नाचघरात वाजवत असताना दोन माणसांचे भांडण जुंपले, ऊब मिळावी म्हणून पेटवलेले रॉकेलचे पिंप लवंडले आणि आग लागली. किंग बाहेर पळाला खरा, पण आत राहिलेल्या गिटारीसाठी पुन्हा ज्वाळांत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून झाले होते असे कळल्यावर, असा वेडेपणा पुन्हा होऊ नये म्हणून त्याने गिटारीचेच नाव ल्युसिल ठेवले. हे मी सांगत होतो तेव्हा खाली टँकर येऊन गेला होता आणि सौ.ने भरलेली शेवटची घागर जिन्याच्या तोंडाशी होती. “आगीत शिरला म्हणून थोर होतो का, मामा?” असे म्हणत भाचा आपल्या गिटारीसकट उठला, गुरुजी त्याला अडवायला धावले आणि घागर चौथ्या पायरीपर्यंत गडगडत गेली. रॉकेल सांडल्यावर निदान पळता तरी येते. लातुरात मे महिन्यात पाणी सांडल्यावर जायचे कुठे?

आमच्या घरी त्या गिटारीचे नाव तेव्हापासून ‘टँकर’ पडले आहे.