खुलासा : बर्फात न्यायचा जीपीएस आणि दाबोळीची कारवाई

'हँडहेल्ड जीपीएसवर बंदी आहे, दाबोळीला पकडतात' हा संदेश हिवाळी स्पितीच्या तयारीतल्या गोव्यातील रायडरांमध्ये फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. साध्या जीपीएसवर सरसकट बंदी नाही, पण २०२४ च्या अखेरीस दाबोळीला एका चेक प्रवाशाला साध्या गार्मिन एज ५४० जीपीएसमुळेही अडवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या प्रवासी महिलेवर कारवाई झाली ती गार्मिन इनरीचमुळे. ते यंत्र उपग्रहामार्फत संदेश पाठवतं, त्याला परवाना लागतो. साधा जीपीएस उपग्रहांचे फक्त सिग्नल घेतो, त्यांना पाठवत काहीच नाही.

म्हणून मॉडेल नीट वाचा : गार्मिनचा जीपीएसमॅप ६६एस चालेल, पण विमानतळावर त्यालाही अडवू शकतात; ६६आय तर नकोच, त्यात इनरीच आहे. बटणांचाच घ्या, जाड हातमोज्यांत टचस्क्रीन छळते. सेल लिथियम एए, उणे ४० अंशांपर्यंत टिकणारे. अल्कलाइन थंडीत लवकर बसतात. नकाशे घरीच भरा.