कायदा रद्द झाला म्हणून दावा मिटत नाही
जुने कायदे रद्द होण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की निरसन कायद्याने (म्हणजे जुने कायदे रद्द करणाऱ्या कायद्याने) ते गेले, आता त्यांखालचे दावेही आपोआप मिटतील. तसं होत नाही. कायद्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 (General Clauses Act) चं कलम 6 वाचा. रद्द करणाऱ्या कायद्यात वेगळा हेतू दिसत नसेल, तर आधी मिळालेले हक्क, झालेला दंड, चालू कारवाई तशीच राहते.

कायद्याचं नाव बदललं तरी असाच गैरसमज होतो. आमच्या कराडकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कुळकायदा कलम 43 चा शेरा असतो, म्हणजे कुळाने विकत घेतलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावरचं बंधन. जुन्या दस्तांत या कायद्याचं नाव 'मुंबई कुळवहिवाट', नंतर 'महाराष्ट्र कुळवहिवाट'. नुसतं नाव बदललं, पण बंधन उठलं समजून इसार देणारे लोक भेटतात, जीव तुटतो. कायद्यात दुरुस्ती झाली की राजपत्रात 'या मजकुराऐवजी हा मजकूर' एवढंच छापतात. दुरुस्तीसोबत अख्खा सुधारित कायदा मराठीत त्याच दिवशी मिळालाच पाहिजे.