अहवाल सगळे जपतात, बाड कोण जपणार?

गेल्या आठवड्यात एका निळ्या फाइलीत मला ४२ नावांची यादी सापडली. फुलस्केप कागद, पट्टीने आखलेल्या रेघा, वर एकच शब्द: मिसा, म्हणजे आणीबाणीत खटल्याशिवाय तुरुंगात डांबायला वापरलेला कायदा. रकाने पाच. नाव, गाव, कधी धरलं, कुठल्या तुरुंगात, आणि शेवटचा ‘घरची परिस्थिती’. पहिले चार शाईने भरलेले आहेत. शेवटचा पेन्सिलने, वेगळ्याच हस्ताक्षरात. “म्हातारी आई, म्हैस विकली.” “बायको शिक्षिका, पगार चालू.” “मुलीचं जमलेलं मोडलं.” “पैसे नकोत म्हणाले.” एका नावापुढे नुसतं “पुन्हा जाणे”.

म्हणजे कुणीतरी घरोघर जाऊन आलं होतं. ज्या घरातला माणूस मिसाखाली आत आहे त्या घराकडे शेजारीही वळून बघत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईत ऑक्टोबर १९७५मध्ये वकिलांना नागरी स्वातंत्र्यावर खासगी सभा घ्यायलासुद्धा पोलिस आयुक्तांनी परवानगी नाकारली होती आणि त्यासाठी हायकोर्टात जावं लागलं होतं. अशा दिवसांत कुणी पेन्सिल घेऊन “म्हैस विकली” असं टिपून घेत होतं.

हे कागद माझ्याकडे आले कसे, तर ओळखीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते गेले आणि माळा रिकामा करताना घरच्यांनी फोन केला. आणीबाणीत उभ्या राहिलेल्या, पुढे पंधराएक वर्षं चाललेल्या एका छोट्या नागरी हक्क समितीचं सगळं दप्तर तीन पत्र्याच्या ट्रंकांत होतं. एका ट्रंकेला खालून वाळवी लागली होती, तळाचे दोन गठ्ठे हातात घेताच भुगा झाले. उरलेलं सहा महिने झाले लावते आहे. बैठकांची इतिवृत्तं, वर्गणीच्या पावत्या, तारा, ‘तपासले’ असा शिक्का असलेली तुरुंगातली पोस्टकार्डं, फेटाळलेले अर्ज, सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं. गंजलेल्या टाचण्या काढताना दर पानाला दोन भोकं आणि तांबडा डाग.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. नागरी हक्क संघटनांचे छापील अहवाल आता बऱ्यापैकी टिकले आहेत. काही संघटनांनी आपले जुने अहवाल नेटवर टाकले, ते मोठंच काम झालं. पण अहवाल म्हणजे दप्तर नव्हे. अहवाल कसा झाला ते बाडात असतं, आणि बाड रद्दीत जातं.

याच ट्रंकांत १९८०च्या सुमाराच्या एका पोलिसी अत्याचाराच्या चौकशीचे तीन मसुदे आहेत. पहिल्यात लिहिलंय, “पोलिसांनी घरात घुसून सर्वांना मारहाण केली.” दुसऱ्यात ‘सर्वांना’ खोडलंय. तिसऱ्यात ते वाक्यच उरलं नाही. त्याजागी आहे, “पोलिस घरात शिरल्याचे तिघांनी सांगितले. मारहाण दोघांनी पाहिली. जखमा आम्ही स्वतः पाहिल्या नाहीत.” समासात कुणीतरी लिहिलंय: “डॉक्टरांना विचारल्याशिवाय ‘जखमा’ शब्द नको.” ही माणसं चिडलेली होती, पीडितांच्या बाजूची होती, तरी एकेक शब्द मागे घेत होती. छापील अहवालात ते दिसत नाही. तिथे फक्त शेवटचं, मोजकं वाक्य दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, यांनी मिळमिळीत लिहिलं.

अशाच कागदांतून या देशात कायदा घडला आहे. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांची पीयूडीआर या लोकशाही हक्क संघटनेने पाहणी करवली आणि ती जोडून न्या. भगवतींना पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९८२मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारी. नोव्हेंबर १९८४च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडानंतर काही दिवसांतच पीयूडीआर आणि पीयूसीएल ही नागरी स्वातंत्र्य संघटना यांनी मिळून अहवाल काढला, त्यात जीव वाचलेल्या लोकांनी हल्ल्यामागचे म्हणून सांगितलेली नावं होती. मतदान यंत्रावरचं ‘नोटा’चं बटण, फोन टॅपिंगवरचे निर्बंध, शाळेत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश, या तिन्हींच्या मागे पीयूसीएलच्या याचिका आहेत. निकाल सगळे कायद्याच्या पुस्तकांत सुखरूप आहेत. पण मजुरांशी बोलताना भरलेल्या वह्या? छावण्यांत घेतलेली टिपणं? ती कुणाच्या तरी माळ्यावर असतात, आणि तो माणूस गेला की घर विकलं जातं.

हा इतिहास आपल्याला परका नाही. इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन ऑगस्ट १९३६मध्ये स्थापन झाली ती मुंबईत. रवींद्रनाथ मानद अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष. नागरी स्वातंत्र्य म्हणजे सरकारला विरोध करण्याचा हक्क, हे नेहरूंनी तेव्हा स्पष्ट मांडलं होतं. ऑक्टोबर १९७६मध्ये आणीबाणी चालू असतानाच जयप्रकाशांच्या पुढाकाराने पीयूसीएलडीआर, म्हणजे पीयूसीएल आणि पीयूडीआर या दोन्हींची मूळ संघटना, उभी राहिली, तिचे अध्यक्ष तारकुंडे. आपल्या सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती. किती मराठी घरांत हे नाव आज माहीत आहे?

आणि कागदाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं उतरवली आणि १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपताच्या स्वारीत कुणी कुणाला काय लिहिलं ते आपण आज वाचू शकतो. १९७५मध्ये आपल्याच तालुक्यातून कुणाला उचललं आणि त्याच्या घरी चूल कशी पेटली, ते वाचू शकत नाही.

आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसाखाली ३४,९८८ आणि डीआयएसआयआर, म्हणजे संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या नियमांखाली ७५,८१८ माणसं पकडली गेली. त्या आयोगाच्या अहवालाचंही काय झालं बघा. १९८०नंतर तो मिळेनासा झाला. माजी खासदार एरा सेळियन यांनी आपल्याजवळची प्रत सांभाळून ठेवली होती, म्हणून २०१०मध्ये तो पुन्हा छापता आला. सरकारी आयोगाचा अहवाल आणि तो वाचला एका माणसाच्या कपाटामुळे. मग समित्यांच्या कागदांची काय कथा! १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांसाठी आहे. अशा संघटनांचं दप्तर ज्याने त्याने सांभाळायचं.

ते सांभाळलं नाही तर काय उरतं? पोलिसांचं दप्तर. स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधनं म्हणून मुंबई सरकारच्या दप्तरातून जे खंड निघाले, त्यात पोलिसांचे गुप्त अहवाल भरपूर आहेत. सभेत कोण काय बोललं हे आपल्याला साध्या वेशातल्या शिपायाच्या कानांनी ऐकावं लागतं. पाळत ठेवणारे आपल्या फायली नंबर घालून ठेवतात. ज्यांच्यावर पाळत होती त्यांचे कागद वाळवी खाते. उद्याचा अभ्यासक हाताशी असेल तेच वाचणार.

बाहेर ही कामं झाली आहेत. अमेरिकेतल्या एसीएलयू या नागरी हक्क संघटनेचं दप्तर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ब्रिटनमधल्या लिबर्टी या तशाच संघटनेचं, म्हणजे १९३४च्या एनसीसीएलचं, हल शहरात आहे. खोक्यावर नंबर, आत काय आहे त्याची सूची. कुणीही अर्ज करून बघायला बसू शकतं.

मी एका ग्रंथालयात गेले होते. नाव घेत नाही. बोलले चांगलं. पण म्हणाले, “पुस्तक असेल तर दाखल करता येईल, सुट्या कागदांना दाखल अंक कसा देणार?” दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, अहवाल तेवढे द्या, बाकीचं तुम्हीच बघा. मी अहवालही परत आणले. मसुदे आणि अहवाल एकमेकांपासून तोडायचे नाहीत, एवढं माझं ठरलंय.

माझी एक चूक मात्र कबूल करते. सुरुवातीला वाटलं, सगळं स्कॅन करावं आणि टाकावं नेटवर. मग एका बाईचा जबाब वाचला. तिने नवऱ्याच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल सांगितलंय, आणि शेवटी समितीच्या माणसाने लिहिलंय, “नाव उघड करणार नाही असे वचन दिले आहे.” समिती बंद पडली, वचन देणारा गेला. वचन आता माझ्याकडे आलंय. त्यामुळे जबाबांची पाकिटं वेगळी करते आहे. त्यांच्यावर मुदत लिहिणार, तोवर उघडायची नाहीत. इतिवृत्तं, पत्रकं, हिशेब खुले. हे भेद करायला कागद ओळखणारं माणूस लागतं, आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याशेजारी बसून “हे अक्षर कुणाचं, ही आद्याक्षरं कुणाची” हे विचारायचं काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

तुमच्या घरी असं काही असेल तर हात जोडून सांगते, वेगवेगळं करू नका. ज्या गठ्ठ्यात जे आहे ते तसंच, त्याच क्रमाने राहू द्या. टाचण्या काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जमिनीवर ठेवू नका. पावत्या निरुपयोगी म्हणून फेकू नका. दोन रुपये, पाच रुपये कुणी दिले होते हे त्या पावत्यांवरूनच कळतं. आमच्या पावतीपुस्तकात एका हमालाचे दर महिन्याचे २ रुपये आहेत, सलग १९ महिने.

४२ नावांपैकी ३१ जणांची सुटकेची तारीख मला इतर कागदांतून लागली. अकरा जणांची नाही. “पुन्हा जाणे” लिहिलेलं नाव त्या अकरांत आहे. गावाचं नाव यादीत आहे, एसटीने दीड तासावर. त्या घरात आता कोण राहतं माहीत नाही. यादीची झेरॉक्स काढून पिशवीत ठेवली आहे. रविवारी जाते आहे.