‘लिनक्स टाका, कुणालाच सापडणार नाही’ हा दावा का टिकत नाही

एक संदेश सतत फिरत असतो: ‘विंडोज काढा, लिनक्स टाका. मॅक ॲड्रेस बदला, व्हीपीएन लावा, टॉर सुरू करा. मग तुम्ही कोण, हे कुणालाच कळणार नाही.’ माझं रोजचं सगळं काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालतं आणि ते आणखी लोकांनी वापरावं असं मला मनापासून वाटतं. तरीही हा दावा खोडून काढायलाच हवा. त्यावर विसंबून कुणी कंपनीतला गैरव्यवहार उघड करायला गेलं, तर नोकरी त्याची जाईल, संदेश पुढे पाठवणाऱ्याची नाही.

‘विंडोज काढलं की पाळत संपली.’ हे अर्धंच खरं आहे. लिनक्समध्ये असले प्रकार लपून राहणं अवघड असतं, हे मान्य. २०१२ साली उबुंटू या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार प्रकाराच्या) १२.१० आवृत्तीत डॅश या शोधपट्टीत टाइप केलेले शब्द ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरमार्फत ॲमेझॉनकडे जायचे. त्यावर बरीच ओरड झाली आणि १६.०४ पासून ती सोय आपोआप सुरू राहणं थांबलं. पण ही सगळी मशीनच्या आतली गोष्ट झाली. वेबसाइटला दिसतो तो आयपी पत्ता तुमच्या इंटरनेट कंपनीने दिलेला असतो आणि तो कुणाला दिला, याची नोंद तिच्याकडे असते. तिथे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कोणता आहे याने काहीच फरक पडत नाही.

‘लिनक्सवाला ओळखू येत नाही.’ उलट तो लवकर ओळखू येतो. ब्राउझर स्वतःच सिस्टीमचं नाव सांगतो. त्यात फॉन्ट, स्क्रीनचा आकार, टाइमझोन आणि ग्राफिक्स कार्डाची भर पडली की कुकीशिवायही तुमचा ब्राउझर ओळखू देणारा ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली केलेल्या चाचणीत ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेव निघाला होता. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मुळात थोडे, त्यात हौसेने बसवलेले वेगळे फॉन्ट. टॉर हे वाहतूक अनेक संगणकांतून फिरवून आयपी पत्ता लपवणारं नेटवर्क; त्याचा ब्राउझर सगळ्यांना एकसारखं दाखवायची धडपड करतो ती याचसाठी, म्हणून त्यात आपली एक्स्टेन्शन घालू नयेत.

‘मॅक ॲड्रेस बदला.’ हा नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक राउटरच्या पुढे जातच नाही. परक्या वायफायवर बदलावा, जरूर. पण जोडणी होताना बहुतेक डिस्ट्रो मशीनचं होस्टनेमही, म्हणजे मशीनला दिलेलं नावही, राउटरला कळवतात. त्यात तुमचं नाव असेल, तर पत्ता बदलून काय साधलं?

‘व्हीपीएन लावा.’ व्हीपीएन म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणं. इंटरनेट कंपनीला जे दिसायचं, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, एवढंच. वर त्याच ब्राउझरात रोजच्या मेलला लॉगिन केलं की विषयच संपला.

‘टॉर असल्यावर कोण पकडणार?’ डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने टॉरवरून बॉम्बची धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही. धमकीच्या आधी विद्यापीठाच्या नेटवर्कवर टॉर कोण वापरत होतं, एवढंच पाहिलं गेलं. तो त्यात सापडला आणि चौकशीत त्याने कबुली दिली. टेल्सचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. या डिस्ट्रोत सगळी वाहतूक टॉरमधूनच जाते. मुलींना धमकावणारा एक गुन्हेगार ती वापरत होता. फेसबुकने बाहेरच्या एका कंपनीला पैसे देऊन टेल्सच्या व्हिडिओ प्लेअरमधल्या त्रुटीचा वापर करणारं हत्यार बनवून घेतलं. त्या गुन्हेगाराने सापळ्याचा व्हिडिओ उघडला आणि खरा आयपी पत्ता बाहेर आला. तो पकडला गेला हे चांगलंच झालं, पण तसलीच त्रुटी एखाद्या पत्रकाराविरुद्धही वापरता येते.

सिल्क रोड हा टॉरवर लपलेला अमली पदार्थांचा बाजार चालवणारा रॉस उलब्रिक्ट याच्या लॅपटॉपवरही लिनक्स होतं. आपल्या नावाचा जीमेल पत्ता त्याने सुरुवातीच्या दिवसांत एका पोस्टमध्ये लिहून ठेवला होता आणि माग त्यावरून लागला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचनालयात एजंटांनी लॅपटॉप उघडा आणि लॉगिन झालेला असतानाच ताब्यात घेतला, त्यामुळे डिस्कच्या एन्क्रिप्शनचा काही उपयोग झाला नाही.

‘लिनक्स आपणहून काही सांगत नाही.’ हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण जाणकारही इथेच फसतात. टोपणनावाने खातं उघडून गिट या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाने कोड टाकला, आता कुठल्याही कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, गिट लॉग चालवून बघा. लेखकाचं नाव, ईमेल, वेळ आणि त्या वेळेपुढे टाइमझोनचा फरक, सगळं समोर येतं. सेटिंगमध्ये नाव भरलं नसेल, तर गिट ते सिस्टीमच्या खात्यातून उचलतं, म्हणजे इन्स्टॉल करताना तुम्ही विश्वासाने लिहिलेलं खरं नाव. काही वेळा ईमेलच्या जागी युजरनेम आणि होस्टनेम जोडून टाकतं. टोपणनावाने काम करायचं असेल, तर पहिल्या कमिटआधीच त्या रेपोपुरतं (कोडच्या त्या साठ्यापुरतं) नाव आणि ईमेल बदला, टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवा. मागाहून इतिहास नव्याने लिहिता येतो, पण तोवर ज्यांनी क्लोन केलं त्यांच्या प्रतीत तुमचं नाव तसंच राहतं.