चिकूचे केस का उतरवावे लागले

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. इतके दिवस जपलेले केस गेलेले बघून जीव तुटतो, हे मला कळतं. तुमचं म्हणणं असं, की आंघोळ आणि ट्रिमिंगसाठी आमच्या दुकानात दिलेला तुमचा शिह त्झू कुत्रा चिकू आम्ही टक्कल करून परत दिला, गाठी सोडवायचा कंटाळा करून सरळ मशीन मारलं आणि वर जटांचे म्हणून ३५० रुपये जास्त लावले. घरी आल्यापासून तो सारखा कान झाडतोय, काखेत लाल झालंय, म्हणजे इजाही आम्हीच केली. आणि शेवटी, "मी रोज ब्रश करते, तरी म्हणे गाठी होत्या." तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देते. लांब केसांची कुत्री बेळगावात आता घरोघरी दिसतात, ती पाळणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल.

आधी कानाचं, कारण त्यात उशीर चालत नाही. कानामागची घट्ट जट निघाली की इतके दिवस आवळलेल्या कातडीत रक्त पुन्हा मोकळं खेळायला लागतं, खाज सुटते आणि कुत्रं डोकं झाडतं. एकदोन दिवसांत हे बहुतेक थांबतं. पण फार जोरात झाडत राहिलं तर कानाच्या पाळीतली बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त साचू शकतं. दिवसातून दोनदा पाळी दोन बोटांत धरून बघा. जाड, मऊ, फुगल्यासारखी लागली तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. काखेतली लाली जटेखाली आधीपासून होती. मशीन लावण्यापूर्वीच्या फोटोत केस बाजूला सारल्यावर ती दिसते, ते फोटो तुमच्या फोनवर आहेत. तिथे हळद, खोबरेल किंवा पावडर काही लावू नका, चिकू ते चाटणार. कोरडं आणि उघडं राहू दे. पाणी सुटायला लागलं तर मात्र डॉक्टर.

आता त्या दिवशी काय होतं ते सांगते. दुकानात आलेल्या प्रत्येक लांब केसांच्या कुत्र्याला टेबलावर घेतलं की पहिली फिरते ती स्टीलची फणी, आणि तीही कातडीला टेकवून. चिकूच्या पाठीवर ती छान फिरली. कानामागे, दोन्ही काखांत, हार्नेसच्या (छातीभोवती बांधायच्या साजाच्या) पट्ट्याखाली आणि मागच्या मांड्यांच्या आत ती शिरलीच नाही. पोटाकडच्या जटा एकमेकींत मिसळल्या होत्या. पुढचा पाय थोडा पुढे ओढला की काखेतली कातडी सोबत ताणली जायची आणि तो पाय मागे घ्यायचा. हे त्याला घेऊन आलेल्या तुमच्या घरच्यांसमोरच दाखवलं, तुम्हाला फोटो पाठवले आणि "केस अगदी कमी करावे लागतील, चालेल का?" असं विचारलं. तुमचा होकार आल्यावरच मशीन हातात घेतलं. अगदी कमी म्हणजे इतके कमी, हे फोटोवरून डोळ्यांपुढे येत नाही, हे मी समजू शकते. पण न विचारता केस काढले, असं झालेलं नाही.

पोटापासून मांडीपर्यंतचे केस घोंगडीच्या तुकड्यासारखे एकसंध उतरले. तो तुकडा उलटा केला तर आतल्या बाजूला आघाड्याचं बी आणि कुसळं अडकलेली होती, एक गोचीडही निघाली. व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला किंवा गावाबाहेर माळाला फिरवून आणलं की पावसाळ्यानंतर हे सगळं अंगाला लागून येतं. कुसळ नुसतं केसांत राहत नाही, हळूहळू कातडीत घुसतं आणि तिथे गळू धरतं. चिकूच्या बाबतीत तेवढं झालं नव्हतं, याचा मला खरंच आनंद आहे.

"गाठी सोडवायच्या होत्या" असं तुम्ही म्हणता. सुटणाऱ्या गाठी आम्ही रोज सोडवतो. बोटाच्या पेराएवढी, कातडीपासून जरा वर असलेली गाठ असेल तर तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकायचं, गाठ आणि कातडी यांच्यामधले केस चिमटीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि फणीच्या टोकाच्या दाताने शेंड्याकडून थोडं थोडं मोकळं करत यायचं. पण अंगभर कातडीला चिकटलेली जट अशी सोडवायची म्हणजे तासन्‌तास तीच नाजूक कातडी ओढत राहायची. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. त्यातून शिह त्झूचं नाक चपटं. घाबरून धापा टाकायला लागला की त्याला श्वास पुरत नाही. गुंगीचं औषध देणं हे डॉक्टरांचं काम, आम्ही ते देत नाही. अशा वेळी केस आणि कुत्रं यांतलं एक निवडायचं झालं तर मी दर वेळी कुत्रं निवडते. केस परत येतात. शिह त्झूचे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात.

"मग थोडे मोठे तरी ठेवायचे" असंही तुमच्या लिहिण्यात आहे. मशीनचं ब्लेड जटेच्या वरून चालत नाही, जट आणि कातडी यांच्यामध्ये जेवढी फट असेल तिथूनच ते सरकवावं लागतं. चिकूला ती फट नव्हतीच. तिथे दहा नंबरचं ब्लेड लागतं, ते जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं. जास्त केस ठेवणाऱ्या ब्लेडचे दात विरळ असतात, ताणलेली कातडी त्यात अडकून कापते. दहा नंबरही चालता चालता तापतं, म्हणून आम्ही दर थोड्या वेळाने ते मनगटाला लावून बघतो आणि गार झाल्यावरच पुन्हा लावतो. पाठीवर लांब आणि पोटाला टक्कल ठेवलं असतं तर ते वेडंवाकडं दिसलं असतं, म्हणून सगळीकडे एकसारखं केलं.

पैशांचं थोडक्यात. जटांचे ३५० रुपये दरफलकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत लिहिलेले आहेत. जटेत माती असते, त्याने ब्लेडची धार जाते, आणि हे काम साध्या कटिंगच्या दुप्पट वेळ घेतं. तो वेळ आम्ही कुत्र्याला मध्ये मध्ये उतरवून, पाणी पाजून, शांत करत घालवतो. हा दर मी कमी करणार नाही.

आता ब्रशचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही रोज ब्रश करता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पाठीवरचे केस ते सांगत होते. पण मऊ दातांचा ब्रश वरच्या वर फिरतो. वरचे केस चमकतात आणि खाली गळालेले बारीक केस तिथेच अडकून गुंता धरतात. मी ज्यांना ज्यांना भेटते त्यांच्यात ब्रश न करणाऱ्यांपेक्षा वरवर ब्रश करणारेच जास्त असतात, आणि त्यांना कुणी खालून करायला शिकवलेलंच नसतं. चिकूचं वयही तसंच आहे. पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात तो काळ, साधारण वर्षाच्या आत-बाहेरचा, सगळ्यात वाईट. कालपर्यंत ज्याला कधी गाठ नव्हती त्याच्या अंगावर आठवड्याभरात जटा दिसतात.

पद्धत अशी. कुत्र्याला कुशीवर निजवायचं आणि पायाच्या खालच्या बाजूने सुरुवात करायची. एका हाताने वरचे केस वर दाबून धरायचे, म्हणजे खाली कातडीची एक रेघ दिसते. त्या रेघेवर पाण्याचा किंवा गुंता सोडवायच्या (डिटँगलिंग) स्प्रेचा हलका फवारा, मग स्लिकर ब्रशने कातडीपासून बाहेरच्या बाजूला, हात हलका ठेवून. स्लिकरचे दात तारेचे असतात, जोर दिला तर ओरखडे उठतात. ती रेघ झाली की बोटभर वरची पुढची रेघ. शेवटी स्टीलची फणी कातडीपासून शेंड्यापर्यंत. फणी अडली तिथे काम बाकी आहे. सगळं अंग रोज होत नसेल तर कानामागे, काखा, जांघा, गळपट्ट्याखाली आणि शेपटीचं बूड एवढं तरी रोज, बाकीचं दिवसाआड. जिथे घासतं किंवा ओलं राहतं तिथेच जट धरते. म्हणून घरी आल्यावर हार्नेस काढून ठेवा, आणि थंडीतला स्वेटरही दिवसभर अंगात ठेवू नका.

आंघोळीच्या आधी फणी फिरलीच पाहिजे. गाठ असताना पाणी पडलं की ती आवळते आणि वाळल्यावर सुटायची राहत नाही. टॉवेलने खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा. अंगणात उन्हात सोडून वाळवणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण तसे केस वळत वळत वाळतात आणि एकमेकांत गुंततात. ड्रायर कोमट ठेवून, सोबत ब्रश करत, मुळापर्यंत कोरडं करा. आपला माणसांचा शांपू आणि खोबरेल दोन्ही नको, तेलावर धूळ बसते. आणि गाठ कात्रीने कधीही कापू नका. जट कातडीला वर ओढून धरते, कातडी कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात ते दिसत नाही. कात्रीने कापलेली कुत्री टाके घालायला डॉक्टरांकडे गेलेली मी पाहिली आहेत.

आपल्या हवेचंही सांगायला हवं. ही शिह त्झू कुत्री मूळची तिबेट-चीनकडची, कोरड्या थंडीतली. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे जटेखालची कातडी काय वाळणार! खानापूर, चंदगड या जास्त पावसाच्या भागांतून येणाऱ्या कुत्र्यांचं तर विचारूच नका. ओल्या जटेखाली कातडी सडते, वास येतो, माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात. मागे एका आजोबांनी "लई खाजवूलाय ओ" एवढंच सांगून कुत्रं आणलं होतं, जट उचलली तर खाली अळ्याच होत्या. त्याला तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. गणपतीच्या आधी माझ्याकडे रांग लागते, कारण सगळा पाऊस काढून मग लोक येतात. पावसाळ्यात केस दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा आणि चार ते सहा आठवड्यांनी कापून घ्या, हे मी सगळ्यांना सांगते.

आपल्या भागात जट म्हटलं की काही घरांत यल्लम्मा देवीचं नाव निघतं, जट हा देवीचा कौल मानतात आणि ती कापायला मन धजत नाही. अशा घरच्यांशी मी वाद घालत नाही. मांडीवर कुत्रं घेऊन जट जरा वर उचलते आणि खालची लाल कातडी त्यांना बघायला लावते. बहुतेक जण मग स्वतःच "काढा" म्हणतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे पॉमेरेनियन किंवा स्पिट्झ असेल तर त्यांनी चिकूवरून अंदाज बांधू नये. त्यांचे केस दुहेरी असतात, म्हणजे वर लांब केस आणि खाली दाट लोकरीसारखा थर, मशीनने मुळापासून काढले तर कधी कधी नीट परत येत नाहीत. त्यांना आम्ही शक्यतो मशीन लावत नाही, म्हणून त्यांना ब्रशची गरज जास्त.

ताई, चिकूला काही आठवडे दुपारच्या उन्हात नेऊ नका, पहाटे गारवा असेल तर अंगात सुती काहीतरी घाला आणि घरात आलं की काढा. केस बोटभर झाले की त्याला आणि तुमचा ब्रश दोन्ही घेऊन या. सकाळी दुकान उघडल्याबरोबर या, तेव्हा गर्दी नसते. रेघ कशी पाडायची ते मी तुमच्या हाताने करून घेईन, त्याचे पैसे नाहीत. येताना हार्नेसही आणा, पुढच्या पट्ट्याचं माप मला एकदा बघायचं आहे, काखेत तोच घासत असावा असा मला संशय आहे.