१९९१ चे सोने नाणेनिधीकडे गहाण नव्हते

‘१९९१ साली भारताने नाणेनिधीकडे सोने गहाण टाकले’ हा संदेश पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. नाणेनिधी (आयएमएफ, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) कर्जासाठी सोने तारण घेतच नाही. तो अटी घालतो.

त्या वर्षी परकीय चलनाच्या टंचाईमुळे सोने दोन वेळा बाहेर गेले. मे महिन्यात, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, स्टेट बँकेमार्फत २० टन सोने पुन्हा खरेदीच्या हक्कासह एका स्विस बँकेला विकले. जुलैत, नरसिंह राव आल्यावर, रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन विमानाने लंडनला पाठवले. त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानने सुमारे ४० कोटी डॉलरचे कर्ज दिले. म्हणजे खापर एकाच सरकारवर फोडणाऱ्यांचीही अडचणच! ते कर्ज त्याच वर्षी फिटले.

नाणेनिधीचे कर्ज वेगळे, रकमेनेही कितीतरी मोठे. त्यामागे तूट कमी करा, आयातीवरचे निर्बंध सैल करा असा दबाव होता, हे मात्र खरे. त्यावर टीका जरूर करा, पण गहाणाची गोष्ट त्यात घुसडू नका.

२००९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडूनच २०० टन सोने विकत घेतले.